लाखोरीच्या बांधीत मशीन नको

धान पिवळं पडू लागलं आणि बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यात, अजून पाय रुतेल एवढा चिखल असला, की उभ्या धानातच लाखोरीचं बी फेकायचं. याला आमच्याकडे उतेरा म्हणतात. नांगर नको, खत नको, वेगळं पाणी नको. धान कापेपर्यंत खाली लाखोरी बोटभर वर आलेली असते. हिवाळ्यात शेंडे खुडून भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाशी डाळ, आणि मुळांनी जमिनीत साठवलेलं खत पुढच्या धानाला.

मध्ये बरीच वर्षं ही डाळ विकायला बंदी होती. दुसरं काही न मिळाल्याने महिनोन्‌महिने तीच खाल्ली, की पाय लुळे पडत म्हणून. आमच्या घरी तिचे वडे फक्त सणाला होत, त्याने कोणाला काही झालं नाही. पण बंदीने बाजार गेला, बाजाराबरोबर बी गेलं आणि युरियाची पोती आली.

यजमान नोकरीमुळे राजुऱ्याला असतात. शेत मी आणि माझा धाकटा दीर बघतो. त्या वर्षी मी माहेरून बी आणलं आणि दोन बांध्यांना युरिया बंद करून लाखोरी फेकायचं ठरवलं. दिराची अट सरळ होती. "लाखोरी नाई जमली, तं पुढच्या साली पोती आनतो. मंग बोलाचं नाई, वहिनी."

बी छान उगवलं. रोज सकाळी धान बाजूला सारून मी बघून येत असे. मग एका संध्याकाळी दीर खुशीत घरी आला.

"वहिनी, मशीन सांगून आलो. सगळ्याइचं कापत येऊन राह्यली. आपला नंबर शुक्रवारी."

"भाऊजी, खाली लाखोरी हाये ना!"

"फसनार नाई. चेनवालीच सांगितली."

चेनवाली म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालणारं हार्वेस्टर. ते चिखलात फसत नाही हे खरं, पण लाखोरीचं एक पानही मागे ठेवत नाही. दिराचंही चूक नव्हतं. गावातल्या बाया कापूस वेचायला जात होत्या आणि मशीन एकदा पुढे गेली की परत येत नाही.

"माझ्या दोन बांध्या त्याच्या आत हातानं कापते," मी म्हटलं.

"बाया कुठून आनता?"

कापसाला सुट्टी फक्त बाजाराच्या दिवशी, गुरुवारी. मी तेव्हाच घरोघर निघाले. रोजी कापसाइतकी आणि वर हिवाळाभर भाजी खुडायची मोकळीक. शेजारणीने उंबऱ्यातच घासाघीस सुरू केली.

"वाळवाले पन खुडू देशील?"

"वाळव."

"माहेरी पाठवाले?"

"पाठव."

"मंग येतो वं. विळे आमचे आम्ही आनतो."

गुरुवारी उजाडताच रांग बांधीत उतरली. विळा जरा वरून चालवायचा, म्हणजे लाखोरीचे शेंडे वाचतात, एवढंच मी सांगितलं. पुढचं त्यांनी मलाच शिकवलं. दुपारपर्यंत एक बांधी साफ झाली, दुसरी अर्धी. तेवढ्यात धुऱ्याच्या बांधापलीकडून घरघर ऐकू आली. आमच्या आधी नंबर असलेल्याचं धान कच्चं निघालं म्हणून मशीन एक दिवस आधीच आली होती. ड्रायव्हर परप्रांतातला. त्याने वरूनच हाक दिली.

"भाभीजी, हट जाओ. दस मिनट का काम है."

शेजारीण विळा घेऊन सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमारा दस मिनट, हमारी चार महिने की भाजी! मशीन उधरच रखना, भाऊ!"

मागून दीर धावत आला. धावता धावता त्याने रांगेकडे पाहिलं. रांगेत त्याची बायको होती, पदर खोचून, हातात विळा.

"तू तं बाजारात गेली होती ना?"

"बाजारात भाजीच घ्याले जात होती," जाऊबाई म्हणाली. "इथीच भेटून राह्यली, तं उतरली."

सगळी रांग हसत सुटली. ड्रायव्हरला शब्द कळले नसतील, पण दिराचा चेहरा कळला. त्याने इंजिन बंद केलं आणि तोही हसायला लागला.

दीर कापलेल्या बांधीत उतरला. धानाच्या खुंटांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं झालं होतं. तो उकिडवा बसला, एक शेंडा खुडून तोंडात टाकला आणि उठून ड्रायव्हरला स्वतःच्या, लाखोरी नसलेल्या बांध्यांची वाट दाखवली. मग आला तो थेट भारे बांधायलाच.

पौषात बाया रोज येत. जेवढं खुडावं तेवढी लाखोरी फुटत होती. एक दिवस दीर धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"मशीनवाल्याइले भाजी नाई गा!" शेजारीण ओरडली.

"भाजी नाई मांगून राह्यलो. वहिनी, माझ्या बांध्याइले बी किती लागन?"

मी हिशेब सांगितला आणि बायांना एक कोपरा बियाण्यासाठी सोडायला लावला. कोणता कोपरा, यावरून दुपारपर्यंत भांडण चाललं. जो कोपरा म्हणावा, सगळ्यात कोवळी भाजी नेमकी तिथेच होती.