इसाबेलचं रक्त

२००९च्या मंदीत आमच्या अबुधाबीच्या लॅबमधली निम्मी माणसं घरी गेली. तेव्हापासून नवी टेस्ट आली की मशीन पारखायला लागणारं निरोगी रक्त आम्ही एकमेकींच्याच दंडातून काढायचो. वसईची इसाबेल बाही वर करायला सगळ्यांत पुढे. "माझं रक्त एक नंबर आहे गं मृणाल. यल्ला, चल, टोच!"

२०१४ मध्ये अल्झायमरची जीन टेस्ट आली. मेंदूची साफसफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं एक जीन बिघडलेलं असेल, तर म्हातारपणी स्मृती जाण्याचा धोका बराच वाढतो. रोग होईलच असं नाही, पण झाला तर बरा करणारं औषध नाही. इसाबेलची आई तेव्हा वसईत तिला फोनवर "तू कोणाची गं?" विचारत होती. तरी या बाईने सवयीने स्वतःचंच रक्त दिलं. मीच काढलं, आणि मलाही सुचलं नाही. दोघींनी अक्कल गहाण टाकली होती.

बिघाड तिच्याच नळीत निघाला.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी नादिया तिला न्यायला आली, तर इसाबेलने तिलाच खुर्चीत बसवलं. "मशीनसाठी दोन थेंब दे."

"मम्मी, नॉट अगेन!" पोरीने हसत हात पुढे केला. मी तिथेच उभी होते. अडवायला हवं होतं, अडवलं नाही. त्याची शरम अजून वाटते.

नादियाच्या रक्तातही तेच निघालं.

"सो, ॲम आय हेल्दी?" तिने आठवड्याने विचारलं.

"एकदम क्लीन," इसाबेल म्हणाली.

मी तिच्याशी कडकडून भांडले. "रक्त तिचं आहे, तिला कळायला नको?"

"तिने सांगितलं होतं का हे तपासायला? मी चोरून बघितलं. आता ते तिच्या गळ्यात कशाला बांधू?" तिने रिपोर्ट फाडला. "खलास." महिनाभर आम्ही बोललो नाही.

आता ती चौसष्ट वर्षांची, वसईला परतलेली. गेल्या शुक्रवारी दुपारी तिचा तीनदा फोन आला, तिन्ही वेळा एकच प्रश्न घेऊन.

"मृणाल, आपण नादियाचं रक्त तपासलं होतं ना? काय निघालं होतं गं?"

तिच्याशी महिनाभर अबोला धरणारी मी.

"एकदम क्लीन," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला उगाच धास्ती वाटत होती."