भिंतीवरची डॉक्टरीण

आमच्या कंपाउंडला चार भिंती आहेत आणि त्यातल्या तीन आमच्या आहेत.

चौथी रस्त्याकडची. ती कोणाची, हे रोज सकाळी उठून बघावं लागतं. कशेळीत आमच्या दारासमोर गोदामांकडे जाणारे कंटेनर अर्धा अर्धा तास जागचे हलत नाहीत. ड्रायव्हर बिचारे करणार काय? भिंत वाचतात. ही गोष्ट जाहिरातवाल्यांना आमच्या आधी कळली! आजवर या भिंतीने ढेकूण मारलेत, तीस दिवसांत इंग्रजी शिकवलंय आणि रुसलेली बायको परत आणणाऱ्या एका बाबाला सहा महिने फुकट जागा दिलीय. (आमच्या ह्यांनी बाबाचा नंबर उतरवून ठेवला होता. "असू दे, तुझा भरवसा न्हाय," म्हणाले.)

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. आमच्या सायलीचं जमत आलं होतं. ती गोदामाच्या ऑफिसात ड्युटीला, शेजारच्या गोदामात पिंपळासचा निलेश. पोरांचं आधीच ठरलेलं. राहिले होते निलेशचे वडील, दामूशेठ. ते रविवारी येणार, घर बघणार, माणसं बघणार आणि मनात आलं तर सुपारी फोडणार. म्हणून गुरुवारी आम्ही ती भिंत छान गुलाबी रंगवून घेतली.

"आई, एकच कर," सायली म्हणाली. "रविवारपर्यंत कोणाशी भांडू नकोस."

"मी कधी भांडते गं?"

यावर हे पेपरात बघायला लागले, सायली छताकडे. दूधवाला दारात उभा होता, तोसुद्धा किटलीत बघायला लागला!

शुक्रवारी सकाळी फाटक उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गुलाबी भिंतीवर हातभर उंचीची निळी अक्षरं! 'मूळव्याधीपासून कायमची सुटका!' आणि खाली भगंदर, फिशर, बिनाऑपरेशन, लाजू नका, भेटा. शेवटी फोन नंबर. पाहुणे परवावर आलेले आणि आमच्या दारावर ही वरात!

ह्यांनी उरलेला गुलाबी रंग त्यावर मारला. निळा ऑइलपेंट होता, तो गुलाबीतून आणखी उठून दिसायला लागला. रंगारी गावाला गेलेला. मग मी फोन लावला त्या नंबरवर. (भांडायला नाही. विचारपूस करायला.)

"बोला ताई," पलीकडे एक कंपाउंडर. "त्रास कोणाला हाय?"

"त्रास मला हाय! तुमचा!"

"कधीपासून?"

"आज सकाळपासून!"

"नवीन हाय म्हणजे. पाणी किती पिता? रक्त पडतं का?"

"तू समोर ये, मग बघू कोणाचं पडतं!"

त्याने शांतपणे फोन ठेवला. सवय असावी.

आणि तिथून माझा फोन बाटला. त्या एका कॉलचा वास सगळ्या जगाला कसा लागला देव जाणे, पण दुपारपर्यंत मेसेजवर मेसेज. 'मंदाजी, संकोच सोडा!' अगं बाई, माझं नावसुद्धा यांना ठाऊक! फेसबुक उघडावं तर पुतणीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये जाहिरातीतला एक माणूस कंबर धरून उभा. संध्याकाळी महिला मंडळाचं भजन होतं. मी फोनवर अभंग लावला, आवाज फुल्ल. बायांनी डोळे मिटले, टाळ उचलले, आणि फोनमधून एक बाई गोड आवाजात विचारते, "सकाळी बसताना आग होते का?"

टाळ हवेतच राहिले. चौदा बायांनी चौदा डोळे... नाही, अठ्ठावीस डोळे माझ्याकडे वळवले.

"मंदे, सांगायचं व्हतं ना," शेजारची पार्वतीकाकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी तुला कठीण पाटावर बसवलं."

झालं! मी ठरवलं, आता माघार नाही. यांच्या जाहिरातीला मी माझ्या जाहिरातीने गाडणार. शनिवारी सकाळी रिक्षा केली आणि धामणकर नाक्याला अन्वरभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले. आमच्या घरातला एकही वाढदिवस, एकही हळद अन्वरभाईशिवाय झालेली नाही.

"लिहा," मी म्हटलं. "ही भिंत खाजगी आहे. हिंमत असेल तर समोर येऊन भेटा. खाली माझा नंबर टाका, मोठा!"

"और फोटो, ताई?"

"फोटो कशाला? धमकी हाय ती."

"बिना फोटो का फ्लेक्स?" अन्वरभाईला खरंच वाईट वाटलं. "ताई, भिवंडी में कोई पढ़ेगाच नहीं. तुमचा फोटो आहे ना कॉम्प्युटरमध्ये, पुतण्याच्या बर्थडेचा."

त्याने काढून दाखवला. हात जोडलेले, हसरा चेहरा, खांद्यावर पदर. अन्वरभाईने दोन बटणं दाबून मला तीन शेड गोरी केली आणि चष्म्यावरची चमक काढली. आता खोटं कशाला बोलू? मला आवडला! डोळे असे शांत, समजूतदार. आयुष्यात एवढी समजूतदार मी कधीच दिसले नव्हते. "टाका," म्हटलं.

"साइज?"

"बारा फूट!"

इथे माझं नशीब फिरलं. मी वीस वर्षं निजामपुऱ्यात कापड तपासायला जात होते. भिवंडीत लुमावरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या माणसाला माप विचारलं की तो लांबी सांगतो. पन्हा, म्हणजे रुंदी, कोण सांगतं? तो लुमाने ठरवलेलाच असतो! मी लांबी सांगून मोकळी झाले. उंची मी सांगितली नाही, अन्वरभाईने विचारली नाही. त्याने आपला नेहमीचा पन्हा धरला, चार फूट.

दुपारी ह्यांनी शिडी लावून फ्लेक्स ठोकला. बारा फूट लांबी एकदम बरोबर. भगंदर झाकलं, फिशर झाकलं, त्या कंपाउंडरचा नंबर झाकला. वरची फक्त एक ओळ उरली.

मी रस्ता ओलांडून लांबून बघितलं आणि मटकन खाली बसले. वर निळ्या अक्षरांत, 'मूळव्याधीपासून कायमची सुटका!' त्याखाली मी, हात जोडून, गोरीपान, समजूतदार. त्याखाली चार फुटांत बसवताना धमकी मुंगीएवढी झालेली, वाचता येत होतं ते फक्त 'येऊन भेटा'. त्याखाली माझा नंबर!

उठून काढायला सांगणार तेवढ्यात फोन वाजला. "डॉक्टर मॅडम? मेरा कंटेनर आपके सामनेच खडा है. क्लिनिक का गेट किधर से है?"

मी वर बघितलं. कंटेनरच्या खिडकीतून एक ड्रायव्हर मोठ्या आशेने हात हलवत होता.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस फोन. त्यातल्या कोणीतरी भिंतीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तो गावभर फिरला. 'आपल्या कशेळीची शान!' म्हणून कोणी अभिनंदन केलं. (तेहतीस अंगठे, अकरा हार, एक केक!) मुरबाडहून माझ्या भावाने विचारलं, "ताई, तू दहावी पास ना? मंग डॉक्टर कवा झालीस?" शेवटी सायली ऑफिसातून आली. चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, हा फोटो पिंपळासच्या ग्रुपवर गेला. निलेशच्या बाबांनी बघितला."

"काय म्हणाले?"

"काहीच न्हाय. निलेश म्हणतो, ते फोटो मोठा करून करून बघत होते." आणि ती रडायला लागली. "मी एकच मागितलं होतं ना गं तुझ्याकडे!"

हे म्हणाले, "काढून टाकू या फ्लेक्स." काढला तर खालचं भगंदर बाहेर येतं, ठेवला तर मी! पण खरं सांगू? कारण ते नव्हतं. भिंत माझी, रंग माझा, आणि तोंड लपवायचं मीच? तो चोरून रंगवणारा कुठेतरी आरामात जेवत असेल आणि मी शिडीवर चढून माझाच चेहरा उतरवू?

"काढणार न्हाय!" मी म्हटलं. सायलीने दार लावून घेतलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण काढणार नाही म्हणजे नाही.

रविवारी दामूशेठची गाडी आली. आली म्हणजे आमच्या भिंतीसमोर आली आणि कंटेनरच्या मागे अडकली. पंचवीस मिनिटं! मी पडद्याआडून बघत होते. दामूशेठ काच खाली करून भिंत वाचत होते, एक अक्षर न सोडता.

मंडळी आत आली. पोहे आले, चहा आला. दामूशेठची बहीण बसली, निलेश बसला. दामूशेठ बसले नाहीत.

"बसा ना दामूशेठ," हे म्हणाले. नवीन सोफा होता, मुद्दाम आणलेला.

"नको. उभाच बरा हाय."

सगळ्यांचे चेहरे उतरले. आमच्यात सोयरिकीला आलेला माणूस बसला नाही, तर समजायचं सोयरीक नाही. तोंडाने कोणी बोलत नाही, उभ्यानेच चहा पितात आणि जातात. दामूशेठ उभ्यानेच चहा प्यायला लागले. सायली दारात होती. तिने ओठ घट्ट दाबले, आणि मग मला राहवलं नाही.

"दामूशेठ, जरा ओटीवर या," मी म्हटलं. बाहेर येताच मी सुरू झाले. "सरळ सांगते. भिंत माझी हाय. न विचारता कोणी तिच्यावर लिहिलं तर मी भांडणारच. उद्या तुमच्या भिंतीवर लिहिलं तर तिथे येऊन भांडेन! पण पोरगी माझ्यावर गेलेली न्हाय, बापावर गेलीय, गरीब हाय. सोयरीक मोडायची तर खुशाल मोडा, कारण मला सांगा. तिला काय बोलू नका." शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. राग आला की माझं असंच होतं, मध्येच रडू येतं.

दामूशेठने दाराकडे बघितलं. मग माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, ते ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं औषध कवा कवा देतात?"

"काय?"

"तीन वर्षं झाली. मी धड बसलो न्हाय कुठं. काल तुमचा फोटो बघला आन् मनाला बरं वाटलं. चेहरा कसा समजूतदार. म्हटलं, घरचीच डॉक्टरीण मिळते. रविवार लवकर येऊ दे."

मला हसू आवरेना आणि रडूही थांबेना. "मी डॉक्टर न्हाय हो!" म्हणून सगळा किस्सा सांगितला. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मग त्या फ्लेक्सच्या मागचा नंबर तरी..."

"अजिबात न्हाय!" मी कडाडले. "चोरून भिंत रंगवतो तो माणूस, त्याच्या हातात तुम्ही काय देणार? सोमवारी ठाण्याला चला, शिकलेल्या डॉक्टरकडे. मी येते बरोबर. पण आता आत चला आणि बसा!"

"बसू कसा?"

मी आत धावले, जुनी नऊवारी काढली आणि तिची जाडजूड चुंबळ वळली. आम्ही पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर घेतो तशीच गोल, फक्त दामूशेठच्या मापाची. (या वेळी लांबी आणि पन्हा, दोन्ही बघून घेतले!) सोफ्यावर ठेवली. दामूशेठ हळूच टेकले. डोळे मिटले. तीन वर्षांनी घरी आलेल्या माणसासारखे हसले.

"ही कसली रीत?" त्यांच्या बहिणीने विचारलं.

"आमच्यात व्याह्याला चुंबळीवर बसवतात," मी ठोकून दिलं. "मान असतो तो."

"फोडा सुपारी!" दामूशेठ बसल्या जागेवरून म्हणाले. सायली मला येऊन बिलगली. भांडू नकोस असं परत कधी म्हणाली नाही, म्हणजे त्या आठवड्यात तरी.

पुढे ठाण्याच्या डॉक्टरने दामूशेठना बरं केलं. हळदीला ते खुर्चीत बसून ढोलकी वाजवत होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या विहीणबाईंचा गुण!" आता पिंपळासला सोयरिकीत व्याह्याला चुंबळ देतात म्हणे. भिंत आम्ही पुन्हा रंगवली, फ्लेक्स केव्हाच उतरवला. पण फोटो मात्र अजून फिरतोय. फोन येतातच. पहिल्यांदा मी एकेकाची अशी खरडपट्टी काढायचे की सांगता सोय नाही. फुकटच्या जाहिरातीपुढे मंदा वाकणार नाही, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय.

काल दुपारी पुन्हा फोन. बिचारा सुरतेचा ड्रायव्हर होता, चौदा तास गाडीवर बसून आलेला. "मॅडम, बहुत जलन है." मी खडसावायला तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या आरशात तो शांत, समजूतदार चेहरा दिसला.

"पानी कितना पीते हो?" मी विचारलं. "खून गिरता है क्या?"