नऊ नंबरची सुई

रिंगमध्ये ताणून बसवलेल्या कापडातून सुई आरपार जाते, तेव्हा फार बारीक आवाज होतो. दूर कुठेतरी तेरड्याची शेंग फुटावी, तेवढाच. आणि मग तिच्यामागून सरसरत येणारा दोऱ्याचा लांब निःश्वास! ज्यांनी कधी भरतकाम केलं नाही, त्यांच्या कानांना हा नाद कळायचा नाही. मला तो कळला नव्व्याण्णव सालच्या थंडीत, रत्नागिरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. नवरा राजापूरला शिक्षक. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मागे उरायच्या त्या दुपारी, नऊ महिन्यांची रांगती मनू आणि सासूबाई.

शेजारच्या सुलभाताईंनी मला टाके शिकवले. साखळी टाका दोन दुपारींत वश झाला. गव्हाचा टाका आठवडाभर रुसून बसला. गाठीच्या टाक्यानं तर रडवलंच. काही भरून नेलं की सुलभाताई सुलट बाजूकडे बघतही नसत. "उलटी बाजू दाखव आधी," म्हणायच्या. माझी उलटी बाजू म्हणजे नुसतं जाळं! तरी धीर करून मी प्रयोग करायची. रुमालाच्या कोपऱ्यात अबोलीचा गजरा, उशीच्या अभ्र्यावर आंब्याचा मोहोर, आणि आता मनूच्या दुपट्यावर निळ्या मासोळ्यांची रांग. निर्मितीचा आनंद किती लहानशा जागेत मावतो, नाही?

पण त्या आनंदाच्या कडेला एक भय सदैव बसलेलं असे. सासूबाईंचं. त्या कधी रागावल्याचं मला स्मरत नाही. पण मौनाचाही एक धाक असतो, आणि तो शब्दांहून खोल रुततो. माझ्या भरतकामाविषयी त्या एवढंच एकदा बोलल्या होत्या, "रांगतं पोर आहे घरात. सुई उंच ठेव गो."

मी ठेवत असे. एक दिवस सोडून.

त्या दुपारी सुलभाताईंनी खिडकीतून हाक मारली, "राजापूरचा फोन आलाय!" आठवड्यात एकदा येणारा तो फोन. मनू चटईवर झोपलेली. रिंग तिथेच ठेवून मी धावले. पाच मिनिटांत परतले, तो मनू उठून बसलेली, रिंग तिच्या मांडीवर, निळा दोरा तिच्या तोंडात. मी तो हळूच ओढला. लाळेनं भिजलेला दोरा आला. सुई आली नाही.

पायांखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्या क्षणी मला समजलं. मी तिच्या तोंडात बोट फिरवलं, जीभ पाहिली, ओठ पाहिले. चटई झटकली, दुपटं चाचपलं, फरशीवर तळहात फिरवत राहिले. मनू हसत होती. ते हसणंही मला भयंकर वाटत होतं. आणि आता जे सांगते, ते आजही सांगवत नाही. सासूबाई पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या, आणि मी त्यांना हाक मारली नाही. पाव तास मी निःशब्द शोधत राहिले. माझ्या लेकराच्या पोटात सुई असेल, या भयापेक्षा त्या काय म्हणतील हे भय मोठं होतं का? माणसाचं मन इतकं क्षुद्र असू शकतं?

शेवटी मनूला एकदा ठसका लागला आणि माझा बांध फुटला. "आई, सुई सापडत नाही!"

त्या दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं, मनूकडे पाहिलं. "दूध पाजू नकोस. काही भरवू नकोस. मी रिक्षा आणते." एवढंच. सत्तरीच्या जवळ आलेली ती बाई अनवाणी रस्त्यावर धावली.

दवाखान्यापर्यंत मी मनूला छातीशी गच्च धरून होते. एक्स-रे काढणाऱ्यानं बटणं नाहीत, नाड्याच आहेत हे पाहून झबलं अंगावर राहू दिलं. फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, आणि त्या काळ्या पटावर, इवल्याशा बरगड्यांच्या खाली, मला ती दिसली. सरळ, शुभ्र, केसाएवढी रेघ. माझी नऊ नंबरची सुई.

सासूबाईंचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथेच राहिला.

"झबलं काढलं नव्हतं काय?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी ते मनूच्या अंगावरून सावकाश उतरवलं, खालची दुमड उलटून पाहिली. तिथे, दुहेरी शिवणीच्या आत, सुई आडवी शिरून बसली होती. पुन्हा फोटो काढला. पोट स्वच्छ होतं. पण मला सुटल्यासारखं वाटेना. सबंध वाटभर मी तिला उराशी आवळत होते, आणि सुईचं टोक आमच्या दोघींच्या मध्ये होतं! मायेनंच मी तिला भोसकलं असतं तर?

परतताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "किती वेळ शोधत होतीस?"

"पाव तास."

"मला भ्यायलीस?"

मी मान डोलावली. त्या बाहेर बघत राहिल्या. घर आल्यावर म्हणाल्या, "इतकी वाईट आहे काय गो मी?" आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

मी सगळं सामान डब्यात भरून फळीवर टाकलं. रस्त्यात चकाकणारं काही दिसलं तरी काळीज लक्कन हलायचं. पंधरवडा असा गेला. मग एका दुपारी, मनू पाळण्यात झोपलेली असताना, सासूबाईंनी स्टुलावर चढून तो डबा स्वतः खाली काढला आणि माझ्यापुढे येऊन बसल्या.

"ती साखळी शिकव मला."

मी सुईत दोरा ओवून दिला. त्यांनी पहिला टाका घातला. फास मोठा झाला, दुसरा तिरका पडला. तिसऱ्या टाक्याशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे वर न बघता म्हणाल्या, "चुकलं तर रागावशील काय गो?"

मी त्यांच्या शेजारी सरकले, आणि त्यांचा हात धरून तो टाका आम्ही दोघींनी मिळून उसवला.