इंजिनाचं पथ्यपाणी

इंजिन नव्याने बांधून घेईपर्यंत आमची गाडी उत्तम चालत होती.

धूर सोडायची, हे खरं. मुंबईत टॅक्सी म्हणून धावते तसली ती गोलसर गाडी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली, जुनीच. रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्याने ती गेली की मागचे स्कूटरवाले काही काळ दिसेनासे व्हायचे. पण ती जायची आणि परत यायची. गाडीकडून याहून जास्त अपेक्षा आमच्या घरात कुणी केलेली नव्हती.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, मंजूचं, देवरूखला लग्न ठरलं. साखरपुडा दसऱ्यानंतर, मुलाकडच्यांच्या घरी.

"व्याह्यांच्या दारात असा धूर सोडत जायचं?" अप्पा म्हणाले. "साखरपुडा आहे, डासांची फवारणी नव्हे!"

म्हणून श्रावणात गाडी दाजी मेस्त्रींच्या गॅरेजात गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. मेस्त्रींनी किल्ली अप्पांच्या हातात ठेवली.

"पिस्टन नवीन, रिंगा नवीन, बेअरिंगं नवीन. आता सुरुवातीला जरा जपून चालवा ओ. दामटवू नका."

या वाक्यातला 'चालवा' हा शब्द अप्पांना ऐकू आला नाही. त्यांना फक्त 'जपून' ऐकू आलं. आदल्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पथ्य त्यांनी आता गाडीला लावलं. रोज संध्याकाळी चहा झाला की ते गाडी बाहेर काढत, पहिल्या गिअरमध्ये आळीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत नेत, तशीच हळूहळू परत आणत आणि बंद करून तिच्या अंगावर आमची जुनी गोधडी घालत. गोधडीवर ताडपत्री. (पाऊस होता ना!)

"बास. आज एवढंच. दमायला नको."

"अप्पा, गाडी आहे ती."

"विन्या, आतून सगळी उघडलीये तिला. टाके अजून ओले आहेत असं समज."

गाडीची ही शतपावली सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच आवाज सुरू झाला. टक टक टक टक. अॅक्सिलरेटर दाबला की टकटकटकटक. सोडला की पुन्हा टक... टक... टक. म्हणजे आवाज इंजिनाचाच, यात शंका नव्हती. आमच्या घरात शास्त्रीय दृष्टी असलेला माणूस मी एकटाच, असं माझं त्या काळी मत होतं. (घरातल्या इतरांचं नव्हतं.) मी बाह्या सरसावून बॉनेट उघडलं.

आवाज बंद.

बॉनेट लावलं. टक टक टक.

उघडलं. शांत.

"लाजत्ये ती," मंजू म्हणाली. "दादा, तू असा टक लावून बघू नकोस."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून आतलं ऐकता येतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. बॉनेट उघडं ठेवून, डोकं आत घालून मी इंजिनाचा एकेक भाग डॉक्टरसारखा तपासला. मध्येच वरून काहीतरी मऊसं माझ्या टाळूला लागत होतं, ते मी हाताने बाजूला सारलं. निदान करताना चित्त विचलित होऊन चालत नाही.

"टॅपेट," मी जाहीर केलं.

मेस्त्रींना निरोप गेला. ते येईपर्यंत चार-पाच दिवस गेले आणि तेवढ्या दिवसांत आवाज रोज थोडा थोडा बारीक होत शेवटी नाहीसाच झाला. मेस्त्रींनी बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"कुठाय आवाज?"

"होता," मी म्हटलं.

त्यांनी तरीही इंजिनाच्या झडपांचे टॅपेट जुळवून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टक टक टक टक, पहिल्यापेक्षा मोठ्याने!

हे असंच चालू राहिलं. आवाज दणक्यात सुरू व्हायचा, दिवसेंदिवस रोडावायचा, मेस्त्री आले की गप्प असायचा, आणि ते गेले की काही दिवसांत ताजातवाना होऊन परत यायचा. जगातल्या कुठल्याही यंत्राचा बिघाड असा आपोआप कमी होत नाही. या गोष्टीचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला फक्त मेस्त्रींचा राग आला. शेवटी शेवटी ते माझ्याकडे फार काळजीने बघायला लागले.

"साहेब, रागावू नका, पण कान एकदा दाखवून घ्या."

त्याच सुमारास मी ऑइल तपासलं. (म्हणजे आवाजावरून लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवणं मला गरजेचं वाटू लागलं होतं.) ऑइल ओतायचं झाकण उघडलं तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, घट्ट फेस! ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावरही तोच प्रकार. नवंकोरं ऑइल दूध घातल्यासारखं झालं होतं.

आई पदराला हात पुसत बघायला आली. "अगो बाई, साय धरलीन् की! मेस्त्र्याने काय घातलंन् आत कोण जाणे!"

मी ते बोटावर घेऊन वास घेतला. त्याला एक चमत्कारिक उग्र वास होता, कपाटातल्या ठेवणीतल्या शालूला येतो तसा. खरं तर तो वास सबंध बॉनेटखालीच भरून राहिला होता. पण माझं बोट नाकाशी असल्यामुळे मी तो बोटाचा मानला.

"भेसळ!" मी म्हटलं. "ऑइल भेसळीचं आहे. शिवाय त्यात पाणी शिरतंय. हेडखालचं, पाणी अडवणारं गॅस्केट गेलंय."

"नवीन गॅस्केट?" अप्पांचा चेहरा उतरला.

"नवीनच जातात."

पुन्हा मेस्त्री. या खेपेला ते पांढरं ऑइल बघून तेही माझ्या बाजूने आले. हेड खोललं, गॅस्केट बदललं, ऑइल बदललं, सगळं परत बसवलं. जुनं गॅस्केट त्यांनी उजेडात उलटंपालटं करून पाहिलं. ते अगदी धडधाकट होतं. तरीही आम्ही दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या.

आठवड्याभरात पुन्हा साय!

आता अप्पा हादरले. त्यांनी ताबडतोब पथ्य कडक केलं. पिंपळापर्यंतची शतपावली बंद. गाडी फक्त फाटकापर्यंत यायची, अप्पा तिला क्षणभर बाहेरची हवा दाखवायचे आणि उलटी आत न्यायचे. गोधडी, ताडपत्री, बास. आणि जसजसं पथ्य कडक होत गेलं तसतशी साय जाड होत गेली!

मी मात्र पद्धतशीर तपासाला लागलो. पाणी ऑइलमध्ये शिरतंय तर ते रेडिएटरमधून कमी व्हायला हवं. मी रेडिएटर काठोकाठ भरला आणि रोज सकाळी उघडून बघू लागलो. पाणी तसूभरही हललं नाही. याचा अर्थ कुणालाही एकच लागला असता: रेडिएटरमधून पाणी कुठेही जात नाहीये. मला दुसराच लागला.

"अप्पा, तुम्ही माझ्या नकळत पाणी भरता का?"

"मी?"

"सांगा ना, रागावणार नाही मी."

"अरे, तू कोण माझ्यावर रागावणार!" अप्पा कडाडले. पुढचे काही दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलत होते. "त्याला म्हणावं, आमटी वाढ." आमटी माझ्या हातात असायची.

साखरपुडा जवळ आला. गाडी न्यायची नाही, असं सर्वानुमते ठरलं. ओळखीतल्या एकाची जीप सांगितली. साखरपुड्याच्या सकाळी आम्ही चौघं नटूनथटून, पेढ्यांचे डबे आणि नारळांची पिशवी घेऊन फाटकात उभे राहिलो. जीप आली नाही. तिचा चालक पावसला आजोळी गेला होता आणि जीपही सोबत घेऊन गेला होता. दुसरं वाहन शोधायला वेळ नव्हता. एसटी नुकतीच गेली होती.

सगळ्यांच्या माना हळूहळू त्या ताडपत्रीकडे वळल्या.

"फुटेल वाटेत," अप्पा म्हणाले.

मंजूने शालूचा घोळ सावरला, ताडपत्री ओढून काढली, गोधडी दूर फेकली आणि जाऊन मागच्या सीटवर बसली. "फुटू दे. माझा साखरपुडा आहे. मी चालत जाणार नाही देवरूखला."

मी गाडी काढली. आवाज आजवर कधी नव्हता इतका जबरदस्त येत होता. टाक टाक टाक टाक! हातखंब्यापर्यंत अप्पा दर वळणाला "हळू, हळू" म्हणत होते आणि मागून मंजू "मुहूर्त, मुहूर्त" म्हणत होती. मला कधीतरी तिच्या सासरी जावं लागणार होतं, म्हणून मी मंजूचं ऐकलं. गाडी चांगली पळवली. इतकी, की हातखंब्याला अप्पांनी मला सक्तीने थांबवलं. इंजिन तापलं होतं. काही वेळाने अप्पांनी ऑइलची पट्टी काढून बघितली.

"अरे, साय पातळ झाली!"

"शक्य नाही," मी म्हटलं. ते माझ्या निदानात बसत नव्हतं.

आणखी पुढे गेल्यावर पुन्हा थांबवून पाहिलं तर ऑइल मधासारखं स्वच्छ. आवाज मात्र वाढलेला. आजार बरा होतोय आणि रोगी जास्तच ओरडतोय! आम्ही पुढे निघालो. पुढच्या चढावर मी गिअर उतरवून अॅक्सिलरेटर दाबला मात्र... टाकटाकटाकटाक, फाट्! आणि बॉनेटखाली कुणी मूठ मूठ गारा फेकाव्यात तसं तडतडलं.

मग एकदम शांतता. इंजिन चालू, गाडी चालू, आवाज नाही.

"गेलं," अप्पा डोळे मिटून म्हणाले. "पिस्टन गेलं."

"पिस्टन गेलं तर गाडी चालेल कशी?"

"मग काय गेलं?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "आता बॉनेट उघडायचं नाही. पोचेपर्यंत कुणी काही बघायचं नाही." हा माझा त्या दिवसातला एकमेव शहाणपणाचा निर्णय.

देवरूखला आमची गाडी रेशमासारखी, बिनधुराची, बिनआवाजाची व्याह्यांच्या दारात उभी राहिली. मंजूचे होणारे सासरे, वसंतराव, स्वतः स्वागताला आले. गाड्यांचा त्यांना भारी शौक.

"वा! इंजिन बांधून घेतलंत म्हणे? अजिबात आवाज नाही हो!"

इथे मी गप्प राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण इतक्या दिवसांत माझ्या यंत्रज्ञानाचं कौतुक करणारा पहिला माणूस भेटला होता.

"त्याचं कसं आहे," मी म्हटलं, "नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना रुळावे लागतात. तोपर्यंत आवाज असतो. शेवटी एक मोठा आवाज होऊन सगळं जागच्या जागी बसतं. हे कानाला कळावं लागतं."

"असं? बघू तरी!" म्हणत वसंतरावांनी बॉनेट उघडलंसुद्धा.

भोवती नवऱ्याकडची सगळी पुरुषमंडळी गोळा झाली. आत बॅटरीवर, वायरींच्या जाळ्यात, कोपऱ्याकोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र गोळ्या आणि गोळ्यांचा चुरा पसरला होता, कुणी बत्तासे उधळल्यासारखा. आणि वर, बॉनेटच्या आतल्या बाजूला, खाकी कापडाची एक फाटकी पुरचुंडी जीभ बाहेर काढल्यासारखी लोंबत होती. तो उग्र वास सगळ्या अंगणात पसरला.

"अगो बाई!" मागून आई म्हणाली. "माझ्या डांबराच्या गोळ्या!"

मी आईकडे बघितलं. अप्पांनी पुरचुंडीकडे बघितलं. "ही माझी पँट आहे," ते म्हणाले.

"जुनी होती हो. मागे उंदरांनी वायरी कुरतडलेल्या ना? नव्या इंजिनाला उपद्रव नको, म्हणून पुरचुंडी शिवून आत बांधली. विरत आल्या की नव्या घालत्ये. काल तर चांगल्या दोन मुठी घातल्या, लांबचा प्रवास म्हणून."

"आई! ती पुरचुंडी पंख्याच्या पात्यावर आपटत होती! मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, टॅपेट."

बॉनेट उघडलं की पुरचुंडी वर उचलली जायची, म्हणून आवाज बंद. गोळ्या विरल्या की पुरचुंडी हलकी व्हायची, म्हणून आवाज कमी. एवढंच होतं ते! (मेस्त्रींनी ती पाहिली असणारच, पण अप्पांच्या गोधडीनंतर त्यांना आमच्या कशाचंच नवल वाटत नसावं.) वसंतरावांनी ऑइलचीही सगळी हकीगत विचारून घेतली आणि फाटकापर्यंतच्या फेऱ्यांपाशी येऊन थांबले.

"अहो, पावसाळ्यात रोज अशी मिनिटभर चालू करून बंद केलीत, तर आत घाम धरणारच. तापलीच नाही, तर तो सुकणार कसा? आज पळवलीत, साफ झाली. गॅस्केट कुणी बदलायला सांगितलं?"

अप्पा माझ्याकडे वळले. "सांग ना त्यांना."

साखरपुडा झकास झाला. मंजूला हसू आवरत नव्हतं आणि नवऱ्या मुलाला ते बघून आवरत नव्हतं, त्यामुळे फोटो फार छान आलेत. जेवणं झाल्यावर व्याह्यांकडचे एक वयस्कर काका माझ्या शेजारी येऊन बसले.

"तू मुलीचा भाऊ ना? काय करतोस?"

"शाळेत शिकवतो."

"कोणता विषय?"

मी जरा विचार केला. आठवीच्या वर्गात त्याच आठवड्यात मी संप्लवन शिकवलं होतं. स्थायूचं द्रव न होता थेट वायूत रूपांतर होणं. उदाहरणार्थ, डांबराची गोळी उघड्यावर ठेवली असता दिवसेंदिवस लहान होत जाते. फळ्यावर गोळीची आकृतीसुद्धा काढली होती, आणि गोळी लहान का होते याचं कुणालाही उत्तर आलं नाही म्हणून सगळ्या वर्गाला उभं केलं होतं.

"चित्रकला," मी म्हणालो.