बाईंच्या पटावरच्या अकरा मेंढ्या

आमच्या बपेरा गावच्या अंगणवाडीबाईंच्या मते जगात दोनच प्रकारचे जीव असतात: शून्य ते सहा वयोगटातले आणि बाकीचे. बाकीच्यांकडे लक्ष द्यायला त्यांना आयुष्यात कधी फुरसत मिळाली नाही. मी त्यांच्या अंगणवाडीत होतो त्याला आता चाळीस वर्षं होत आली, पण माझं वय त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. रस्त्यापलीकडे माझं बियाणं-खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना बाई येतात, माझी बाही उलटी करून नखं बघतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात की हा पोरगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलतच नव्हता, तेव्हा युरियाचा भाव याला दोनदा विचारून घ्या.

पस्तीस वर्षांची नोकरी संपली तेव्हा बाईंच्या घरातलं कुणी त्यांना काय करणार असं विचारलंही नाही. यजमान आधीच गेलेले, मुलगा नागपुरात. आम्हाला वाटलं, बाई आता देवळात जातील, पापड करतील. त्याच हिवाळ्यात धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, एका कुरमार मेंढपाळाचा मोठा कळप खतासाठी बसला होता. निघताना त्याची एक लंगडी मेंढी मागे पडू लागली. पुढच्या मुक्कामापर्यंत ती पोचणार नाही, असं तो म्हणाला. बाईंनी मेंढीचा पुढचा पाय हातात घेतला, पोटावरून हात फिरवला आणि निकाल दिला की हे पोर लंगडं नाही, कुपोषित आहे. ती मेंढी त्यांनी ठेवून घेतली. तिच्या जोडीला त्या कुरमाराने आणखी दोन मेंढ्या आणि एक डोळे न उघडलेलं कुत्रीचं पिल्लू दिलं. पिल्लाला मेंढीच्या कासेला लाव, असं त्याने शिकवलं. म्हणजे ते स्वतःला कळपातलंच समजेल आणि जन्मभर कळप सोडणार नाही.

तीनाच्या अकरा झाल्या आणि बाईंच्या गोठ्यात पुन्हा अंगणवाडी भरली. जुना लटकता वजनकाटा त्यांनी कुठून मिळवला ते मी विचारलेलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक कोकरू झोळीत घालून त्याला टांगलं जाई आणि भिंतीवरच्या तक्त्यावर हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात टिंब पडे. दंड मोजायची पट्टी त्या कोकरांच्या मांडीला लावत. एकदा जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले, तर बाईंनी आधी त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि मग सगळ्या मेंढ्यांची नावं वाचून दाखवली: चिरंजीव प्रमोद, चिरंजीव नरेश, कुमारी वंदना. ती पहिली लंगडी मेंढी म्हणजे कुमारी सुमन. पाच वेळा व्यायली तरी ती कुमारीच राहिली, आणि वय कधीच सहाच्या वर गेलेलं असूनही पटावरचं तिचं पहिलं नाव बाईंनी काढलं नाही.

कुत्रीच्या पिल्लाचं नाव मदतनीस. हे नाव नव्हे, पद होतं. तिचं शिक्षण मी दुकानात बसून पाहिलं आहे. ती चालायला लागल्यावर पहिले दोन महिने बाईंनी तिला दोरीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं आणि तिच्यासह धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून हिंडल्या. आमच्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर लाखोळीचं कडधान्य उगवलेलं असतं. मेंढ्यांनी मोकळ्या बांधीतलं गवत खावं आणि शेजारच्या लाखोळीला तोंड लावू नये, एवढाच अभ्यासक्रम. बाई धुऱ्याच्या कडेने चालत, मदतनीस त्यांच्या बाजूने चाले, आणि मेंढीने मान वळवली की दोघी मिळून आडव्या उभ्या राहत. बाई कधी ओरडल्या नाहीत, काठी तर त्यांच्याकडे नव्हतीच. तिसऱ्या महिन्यात दोरी सुटली, तरी मदतनीस त्याच कडेने चालत राहिली. एका बाजूला मेंढ्यांची तोंडं, दुसऱ्या बाजूला हिरवीगार लाखोळी, आणि मध्ये ही तांबडी कुत्री ये-जा करत. ज्या शेतकऱ्यांनी माझ्या दुकानात येऊन बाईंची तक्रार केली होती, तेच पुढे आपल्या गोऱ्ह्यांना मदतनीसने असं शिकवावं म्हणून विचारायला आले.

दुसरा कुत्रा आपणहून आला. काळा, भारदस्त, कुणाच्याही घरचा नाही. सकाळी दहाच्या सुमारास येई, प्रत्येक मेंढीला हुंगे, पाण्याच्या टाक्यात डोकावे, तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या ढिगावर बसून सगळीकडे नजर टाके आणि जेवण झालं की निघून जाई. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला ओळखलं आणि सुपरवायझर म्हणायला सुरुवात केली. त्याच्याकडून कामाची अपेक्षा त्यांनी कधी ठेवली नाही. तो आला की त्या फक्त गोठा झाडलेला आहे ना, ते एकदा बघत.

बाईंचे हुकूम अंगणवाडीचेच होते. बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर पाणी पाजायचं तर "हात धुवा", सावलीत बसवायचं तर "डोळे मिटा", घरी निघायचं तर "चला, रांग". हे सगळं एका विशिष्ट लांबलेल्या सुरात. तो सूर कानावर पडला की अजूनही माझे हात आपोआप मागे जातात.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दिसेनासं व्हायला लागलं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. रंगाऐवजी आवाजावरून मेंढी ओळखायच्या, तक्त्यावरचं टिंब बोटाने चाचपून द्यायच्या. शेवटी मागच्या माघात त्यांनी हिरव्या पट्ट्यातल्या प्रमोदला लाल पट्ट्यात टाकलं आणि त्याला आठवडाभर जास्तीचा आहार चारून पोट बिघडवलं, तेव्हा मुलगा आला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना नागपूरला घेऊन गेला. आठ दिवसांचा मामला होता. जाताना त्यांनी कळप माझ्या हवाली केला. सुमनचे दिवस भरत आले होते. "तिच्याकडे ध्यान ठेवजो," एवढंच त्या मला म्हणाल्या. मदतनीसला मात्र गाडीत बसण्याआधी बराच वेळ काहीतरी समजावत होत्या.

पहिल्या दिवशी मी धुऱ्यावर उभा राहून "चला, रांग" असं म्हणालो. अकरा मेंढ्यांनी आणि एका कुत्रीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. मी मोठ्याने म्हणालो. शेवटी आजूबाजूच्या बांधीत कुणी नाही हे बघून मी बाईंच्या सुरात, बाईंच्याच बारीक आवाजात म्हणालो, आणि सगळा कळप निघाला. नेमकी त्याच वेळी माझी बायको डबा घेऊन आली होती. त्या आठवड्यात जेवायला बसताना ती मला रोज "हात धुवा" म्हणायची. सकाळी आठला नागपूरहून फोन येई. बाई एकेक नाव घेत आणि मी "हजर" म्हणत असे. हजेरी झाली की फोन बंद. मुलाने मला वेगळा फोन करून बजावलं होतं की डोळा नाजूक आहे, पंधरा दिवस डोळ्यात पाणी यायला नको, तेव्हा आईला काही वेडंवाकडं सांगू नका.

पाचव्या दिवशी दुपारी खताची गाडी आली. तासाभरात परत येतो, असं मनाशी म्हणत मी कळप मदतनीसच्या भरवशावर सोडून दुकानात आलो. तासाचे तीन तास झाले. दिवस कलताना मी गोठ्याकडे धावलो, तेव्हा मेंढ्या दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे सुपरवायझर होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काम केलं होतं आणि त्याला ते आवडलेलं नव्हतं. मी मोजलं, दहा भरल्या. सुमन नव्हती आणि मदतनीसही नव्हती. अंधार पडेपर्यंत मी बांध्या पालथ्या घातल्या. त्या महिन्यात नदीकडच्या बाजूला बिबट्याने दोन शेळ्या नेल्या होत्या, ते आठवत मी घरी आलो आणि झोपलो नाही.

फटफटताच निघालो. नाल्याच्या पलीकडे, पळसाच्या झुडपांत, मला आधी मदतनीस दिसली. ती उठली नाही. तिच्या पोटाशी एक ओलसर पांढरं कोकरू मुटकुळं करून पडलं होतं, जिवंत. चार हातांवर सुमन होती. रात्रीच कधीतरी गेली असावी. वर फांदीवर कावळे बसले होते, खाली मात्र एकही उतरला नव्हता. कुत्रीचा घसा बसला होता. मला पाहून तिने भुंकायचा प्रयत्न केला, तर नुसती हवा आली. मी कोकरू शर्टात घेतलं. मदतनीस सुमनकडे गेली, तिला हुंगलं, पुन्हा माझ्याकडे आली, पुन्हा तिकडे गेली. असं तिने चार-पाच वेळा केलं. मग मी, कुणी ऐकतं का हे न बघता, बाईंच्या सुरात "चला, रांग" म्हणालो, तेव्हा ती माझ्या मागे आली.

घरी बायकोने कोकराला बाटलीने दूध पाजलं. मी माणसं बोलावून सुमनला पुरायची तजवीज करत होतो आणि आठ वाजले. फोन वाजला. मुलाचं बजावणं माझ्या डोक्यात होतं. बाईंनी पहिलंच नाव घेतलं, कुमारी सुमन. मी "हजर" म्हणालो. पुढची दहाही नावं हजर झाली. पण बाईंनी फोन ठेवला नाही.

"लहान होता तेव्हाही तुले खोटं बोलता येत नव्हतं. सुमन गेली न?"

मी हो म्हणालो. मग जे झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. खताची गाडी आली म्हणून गेलो, हे सांगताना माझाच आवाज चार वर्षांच्या पोरासारखा झाला. त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पिल्लू हाय?"

"आहे, बाई."

"वजन केलं काय?"

मी नाही म्हणालो. आधी वजन कर, मग सुमनचं बघ, असं त्या म्हणाल्या. मी फोन तसाच चालू ठेवून कोकराला झोळीत टांगलं आणि काटा वाचला. दोन किलो शंभर. पलीकडून बाईंनी तो आकडा हळू आवाजात पुन्हा म्हटला. मी घाबरून म्हणालो, बाई, रडू नका, डोळ्याला चालत नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "कायले रडीन? लाल पट्ट्यात हाय थे. दर दोन घंट्यानं पाजत जाय." नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं की त्या दिवशी त्या दिवसभर भिंतीला टेकून, डोळे वर करून बसल्या होत्या आणि पाण्याचा एक थेंब त्यांनी डोळ्यात येऊ दिला नव्हता.

नवव्या दिवशी मुलाने त्यांना आणून सोडलं. काळा चष्मा लावलेल्या बाई घरात न जाता सरळ गोठ्यात गेल्या. कोकराचं वजन स्वतः केलं, तक्त्यासमोर उभ्या राहिल्या आणि कोकराच्या वजनाची मी दिलेली दोन टिंबं पुसून नीट जागी दिली. सुमनला कुठे पुरलं ते विचारलं. मी दाखवलं, तिथे थोडा वेळ थांबल्या. माझ्या चुकीचा विषय आजवर त्यांच्याकडून निघालेला नाही.

मग ओट्यावर येऊन बसल्या. मदतनीस आली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाईंनी, डॉक्टरांनी मना केलेलं असताना, चष्मा काढला आणि कुत्रीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हिचं तोंड कधी पांढरं झालं?"

दोनेक वर्षं झाली असतील, मी म्हणालो.

"मले वाटे भात लागला हाय. मी त रोज पदरानं पुसत होती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे, कानांवरच्या पिकल्या केसांकडे. मग अंगणाकडे, समोरच्या माझ्या दुकानाच्या उडालेल्या रंगाकडे. मी म्हणालो, बाई, चष्मा घाला, ऊन लागेल. थांब जरा, असं त्या म्हणाल्या. कुत्रीला डोळा लागला होता. बाईंचा हात तिच्या पांढऱ्या तोंडावरून फिरत होता. पुसत नव्हता, नुसता फिरत होता.