बला घेऊन गेलेला मासा

मासा डोकं बघून घ्यायचा नसतो, पोट बघून घ्यायचा असतो. छावणीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीनदा सांगितलं. पंधरा वर्षं मासे पाळतोय मी. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण?

त्यांना फ्लॉवरहॉर्न हवा होता. कपाळावर मोठं टेंगूळ असलेला हा मासा घरावरची बला स्वतःवर घेऊन मरतो, असं शेजाऱ्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. बला कोणती ते आम्हाला ठाऊकच होतं. जिना चढताना अण्णांच्या छातीत दुखायचं आणि डॉक्टरांनी अँजिओग्राफीची तारीख दिली होती.

दुकानात काचेवर बोट फिरवलं की लहान टेंगळाचा एक मासा बोटामागं धावायचा. डोळे स्वच्छ, पर ताठ, दाणा टाकला की गट्टम. हाच घ्या, म्हटलं मी. अण्णांनी पसंत केला तो कोपऱ्यात निमूट पडलेला, भल्यामोठ्या टेंगळाचा. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं, मागं विष्ठेचा पांढरा दोरा लोंबत होता. आतड्याचा आजार, सरळ दिसत होता. दुकानदार म्हणाला, स्वभावानं शांत आहे. डोंबलाचा शांत! पण अण्णा लई खूश होते, म्हणून मी गप्प बसलो.

आठवडाभरात मासा उलटा तरंगला. अण्णांनी त्याला हात जोडले.

"गेली बला," ते म्हणाले, आणि दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

तो आणला तेव्हाच मरायला टेकला होता, त्यानं तुमचं काही घेतलेलं नाही, हे मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवत होते, हसत होते. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. आग लागो माझ्या त्या चांगुलपणाला.

दीड महिन्यानं अण्णा जिन्यातच गेले.

तेराव्यानंतर मी टँक रिकामा करायला घेतला, तेव्हा आई मागं येऊन उभी राहिली. मला राहवलं नाही. खपाटीला गेलेलं पोट, पांढरा दोरा, माझं गप्प बसणं, सगळं सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आजारी मासा किती बला नेणार रे?" ती म्हणाली. "तुला कळत होतं, तर ह्यांना धडधाकट बघून द्यायचा होतास."