बांगड्याचं पथ्य

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवत होते आणि त्या वाढू नयेत म्हणून त्यांना औषध घालत होते. ऐकायला हे विचित्र वाटतं, करायला नुसतं कंटाळवाणं होतं. वाढण्यासाठी लागणारी पॉलिअमाइन नावाची द्रव्यं प्रत्येक पेशी स्वतःच तयार करते. गाठीची पेशी ती हावरटासारखी करते. आमचं औषध या उत्पादनाची पहिली पायरीच अडवायचं. साठा संपला की पेशी वाढायच्या थांबत. मरत मात्र नसत, नुसत्या थांबून राहत. त्यांना बाहेरून पुट्रेसीन, म्हणजे त्याच जातीचं एक द्रव्य, जरासं घातलं की औषध असूनही त्या पुन्हा वाढू लागत. एका उन्हाळ्यात पहिल्यांदा वाढ थांबलेली दिसली तेव्हा आम्ही सगळेच अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो होतो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांच्या आतड्यातली गाठ मुंबईला ऑपरेशन करून काढली. रोग तोवर यकृतात पोचला होता. हे डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं. मी आईला सांगितलं नाही आणि बाबांना तर नाहीच, कारण तेव्हा रोग्याला असलं सांगायची पद्धत नव्हती. ते दोघे गाठ गेली या समाधानात घरी परतले.

आमचं घर देवगडजवळ. बाबा तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. घरी मालवणी बोलत, वर्गात पुस्तकी मराठी, आणि विज्ञानाचा विषय निघाला की जेवतानाही वर्गातलीच भाषा तोंडी येई.

गणपतीला मी घरी गेले तेव्हा त्यांनी हात धुऊन मागे लागून माझं काम समजून घेतलं. औषध काय अडवतं, पेशी बाहेरून काय उचलते, सगळं. मी आपली थट्टेत म्हणाले, "पुट्रेसीनची बाटली उघडली की सगळे नाक धरतत. माका मात्र सुकत घातलेल्या म्हावऱ्याची आठवण येता. कुसक्या म्हावऱ्यात ताच असता."

बाबा हसले. मग म्हणाले, "म्हणजे मासळीतून ते शरीरात जातं?"

"जाता थोडा," मी म्हटलं आणि आईने हाक मारली म्हणून उठले.

गणपती घरात असेपर्यंत मासळी शिजत नाहीच. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी घराघरांतून बांगड्याचा वास येतो. त्या वर्षी आमच्याही घरातून आला, पण बाबांनी ताट बाजूला सारलं. आईला वाटलं, तोंडाची चव गेली असेल. पण पुढे ते रोजच पेज आणि डाळ मागू लागले आणि ती मासे तळायला बसली की पडवीत जाऊन बसू लागले. जन्मात एकादशी धड न पाळलेला हा माणूस.

मी हे सगळं मार्गशीर्षात ऐकलं. तळेऱ्याला गाडी बदलून घरी पोचले, तर आईने हातातली पिशवी घेण्याआधी तक्रार मांडली. "तुझा शास्त्र तू मुंबैक ठेव गो. गणपतीपास्ना म्हावऱ्याक हात लावूक नाय ह्यांनी. काय ता तूच सांगलंस म्हणे."

बाबा निम्मे राहिले होते. चेहरा मात्र पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. मला पडवीत बसवून म्हणाले, "बाहेरचा पुरवठा मी बंद केला आहे. एखादी पेशी मागे राहिली असेल, तर ती आता उपाशी. बरोबर?"

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. शितावरून भाताची परीक्षा होते, बशीतल्या पेशींवरून माणसाची होत नाही. पण हे त्यांना सांगायचं कसं? गप्प बसले तर ते उरलेले महिने पेजेवर काढतील, पण आशेत काढतील. बोलले तर मासे खातील, आणि आशा जाईल. आजारी माणसाला आता काही पथ्य नाही म्हटलं की त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मला फार भीती वाटली. आत आई भांडी घासत होती, आणि मला वाटलं, तिने मला काहीतरी कामाला बोलवावं.

तिने बोलावलं नाही. मी म्हटलं, "बाबा, बाहेरचा बंद करून उपयोग कधी, आतला उत्पादन औषधान अडवलेला असला तर. तुमका ता औषध नाय. पेशी आपल्याक व्हया ता आपणच करता."

"आणि औषध मिळवलं तर?"

"हय मिळणा नाय. परदेशात माणसांका देवन बघतत. पण बशीत जशी वाढ थांबता तशी माणसात थांबणा नाय."

त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला. वर्गात एखाद्याचं उत्तर नीट ऐकून घेताना ते असंच करत.

"रोग आता कुठे आहे?"

"यकृतात."

"तुझ्या आईला?"

"सांगूक नाय."

"नको सांगू," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आणि त्यांनी आत हाक मारली. "ऐकलंस? बंदरावर आज काय इला हा?"

"बांगडे इलेत म्हणतत," आतून आई म्हणाली.

"मग हाड."

आई भांडी तशीच टाकून बांगडे आणायला गेली. दुपारी तिने तिरफळं घालून बांगड्याचं दाटसर तिखलं केलं, दोन बांगडे तळले आणि आमच्यासमोर पाट मांडून बसली. बाबा सावकाश जेवले. एक बांगडा त्यांनी काट्यापर्यंत साफ केला. इतकंही त्यांना पुष्कळ झालं होतं, पोटाला हात लावून बसले होते.

आईने माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तिला इतकी आनंदात मी पाहिली नव्हती. "बघ, तोंडाक चव इली," ती म्हणाली. "आता बरे होतले."

बाबांनी पोटावरचा हात काढला आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"आणखी एक वाढ," ते म्हणाले.